सावडीचा दिवस

शंभू बेंबळीच्या स्टँडवर उतरला तेव्हा इतका खुशीत होता की हातातली पिशवी जड आहे हेसुद्धा त्याला कळत नव्हतं. पुण्याहून रातभर बसून आलेला माणूस, मान अवघडलेली, डोळे चुरचुरणारे, पण गडी आपला गालातल्या गालात हसत होता. आज त्याच्या रानातलं सोयाबीन काढायचं होतं. आणि ह्या काढणीत आईला कंबर मोडून घ्यायची गरज नव्हती, गावातल्या म्हाताऱ्या वजीरचाचाला उन्हात वाकायची गरज नव्हती. सगळी व्यवस्था त्यानं पुण्यात बसून फोनवर लावली होती. आईला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिला चकित करायचं होतं ना! घरी न जाता तो तसाच रानाकडं निघाला.

आता हा शंभू कोण, ते आधी सांगायला पाहिजे. बेंबळीच्या शिवारात ओढ्याकाठी त्याची जमीन. बाप लवकर गेला, आई धुरपदाबाईनं रान कसलं आणि पोराला वाढवलं. शिक्षण बेताचं झालं. मग तो पुण्याला जाऊन लिफ्ट बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लागला आणि बघता बघता चांगला फिटर झाला. पुण्याजवळ मांजरीला भाड्याची एक खोली, बायको अर्पिता, एक लेक. काम बरं, नाव बरं. पण ह्या माणसाचं एक खूळ होतं. इतकी वर्षं पुण्यात काढली, पण आपण पुण्यात राहतो हे काही तो कबूल करत नव्हता. अर्पितानं कपाट घेऊ या म्हटलं की ह्याचं उत्तर ठरलेलं, "कशाला? जाताना वागवायचं कुणी? दोन वर्षांत गावाकडंच जायचंय आपल्याला."

लग्न झालं तेव्हापासून ती दोन वर्षं काही संपत नव्हती. बिचारीचा सगळा संसार पिशव्यांमध्ये. आणि हा तिकडं लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून सोबतच्या पोरांना ओढ्याकाठच्या पेरूच्या बागेचं वर्णन करायचा. बाग अजून लावलेली नव्हती, पण त्या पोरांना तिच्या पेरूची चवसुद्धा पाठ झाली होती.

ह्या बारीला मात्र अर्पिता हटून बसली होती. घरमालक ती खोली विकायला निघाला होता. घ्यायची असेल तर पहिला मान तुमचा, नसेल तर दिवाळीपर्यंत रिकामी करा, असं त्याचं म्हणणं. अर्पिता भांडली नाही, रडली नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, गावाकडं जायचं म्हणत असाल तर मी उद्या पिशव्या उचलते. भरलेल्याच आहेत त्या. पण इथंही न्हाई आणि तिथंही न्हाई, हे आता मला जमायचं न्हाई. ह्या बारीला काय ते ठरवूनच या."

तर शंभू ठरवायला आला होता. आणि खरं सांगायचं तर मनातून त्याचं ठरलेलंच होतं. खोली सोडायची, बिऱ्हाड घेऊन बेंबळीला यायचं. गाव आपलं आहे, रान आपलं आहे, आपली जागा कुठं पळून जाते? असं त्याला छातीठोक वाटत होतं.

ओढा ओलांडला आणि रान दिसलं. ईरण्णाची टोळी कामाला लागलेली होती. ईरण्णा म्हणजे मुकादम, सीमेपलीकडचा, कानडी मुलखातला. काढणीच्या दिवसांत माणसं घेऊन टेम्पोनं इकडं येतो आणि रानं गुत्त्यानं घेतो. म्हणजे एवढं रान काढून द्यायचं, एवढे घ्यायचे, बाकी मालकानं बघायचं कारण नाही. शंभूनं त्याला फोनवरच गुत्तं दिलं होतं. विळे सपासप चालले होते, वाळलेल्या शेंगा खुळखुळत होत्या. शंभूला ते बघून इतकं बरं वाटलं की त्यानं तिथंच बांधावर बसून चपला काढल्या.

तेवढ्यात पांदीच्या अरुंद वाटेनं माणसं येताना दिसली. पुढं वजीरचाचा, डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर विळा. मागं सकिनाचाची, तिच्या मागं जगदेवीकाकू आणि आणखी चारदोन घरची माणसं. ही सगळी सावडीची माणसं. ज्यांना सावड ठाऊक नसेल त्यांना सांगतो. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. मजुरी कुणी द्यायची नाही, कुणी मागायची नाही. ज्याचं रान असेल त्याच्या घरची भाकर सगळ्यांनी मिळून खायची. तुम्ही मला दिलेला दिवस मी फेडायचा आणि मी दिलेला तुम्ही. धुरपदाबाई नि वजीरच्या घरची ही सावड शंभूचा बाप होता तेव्हापासूनची.

शंभू उठून सामोरा गेला, चाचाच्या खांद्यावरचा विळाच घेतला. "चाचा, आता हे उचलायचं न्हाय! यंदा तुम्हाला तरास न्हाय. गुत्त्यानं दिलंय म्या. जावा, निवांत घरी बसा."

वजीरचाचा थांबला. रानाकडं बघितलं, टोळीकडं बघितलं. सकिनाचाची काहीतरी बोलणार होती, पण त्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ती गप्प बसली.

"बरं केलास बेटा," तो म्हणाला. "कधी आलास? अर्पिता बरी हाय का? छोकरी?"

"समदी बरी हायत. चहा घेऊन जावा की."

"नको. आता घरीच जातो."

जगदेवीकाकूची जीभ मात्र तिखट. तिनं कमरेवर हात ठेवले. "मग आमी विळ्याला धार लावून आलो ते काय दाढी करायला? पुण्याची रीत लई भारी बाबा! आधी सांगितलं असतंस तर झोपलो तरी असतो उजेडपतोर."

सगळे हसले. शंभूही हसला, त्याला वाटलं काकूची नेहमीची थट्टा. माणसं आल्या वाटेनं परत गेली. वजीरचाचाचा विळा शंभूच्याच हातात राहिला होता. तो पळत जाऊन त्यानं परत दिला.

उन्हं चढल्यावर धुरपदाबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत पहाटेपासून थापलेल्या भाकऱ्यांची चवड, पिठलं, ठेचा, कांदे. ओढा ओलांडून वर आली, लेक दिसला, तोंड फुललं. मग रानातली अनोळखी माणसं दिसली आणि पाय जागीच थांबले.

"ही कोण रं माणसं? वजीरभाऊ कुठायत?"

शंभूनं मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. फोन कसा केला, गुत्तं कसं ठरलं, चाचाला कसं परत पाठवलं. तो बोलत गेला तशी आई पाटी उतरवून बांधावर टेकली. पदरानं घाम पुसत राहिली, बराच वेळ.

"शंभू, अरं काय केलंस हे?"

"काय केलं? त्यांचा दिवस वाचवला की."

"वाचवला न्हाईस, माघारी लावलास. त्यांच्या उडदाला म्या गेले व्हते. तो दिवस फेडायला आलती ती माणसं. दारात फेडायला आलेल्या माणसाला जा म्हणायचं? ह्याचा अर्थ काय हुतो ठावं हाय का? तुमचं आमाला नगं, आमचं तुमी धरू नगा. सावड मोडायची असंल तर लोकं असं करत्यात, बाबा."

खरंच त्याला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. लहानपणी ह्याच बांधावर बसून त्यानं हे सगळं बघितलेलं होतं. पण पुण्यात आठवताना त्याला आईची दुखरी कंबर आठवली, चाचाचं वय आठवलं. सावडीचा कायदा काही आठवला नाही. चांगलं करायला गेला आणि हे असं होऊन बसलं.

टोळीनं आपापली भाकरी बांधून आणली होती, गुत्त्याच्या माणसांची तशीच पद्धत. पण धुरपदाबाईनं केलेलं अन्न माघारी न्यायचं नाही म्हणून त्यांनाच वाढलं. ईरण्णा दोन घास खाऊन म्हणाला, "आमच्याकडं बी असतंय की हे सावडीचं. आमी आता वर्षातनं सहा महिने भायेर. आमाला कोण बोलवतंय?" आणि ठेचा मागून घेतला.

संध्याकाळी धुरपदाबाई वजीरच्या घरी जाऊन आली. शंभू अंगणात येरझाऱ्या घालत होता. तिला बघताच त्यानं विचारलं, "रागावले का चाचा?"

"न्हाय बा. सावड हाय तशीच हाय म्हणाले. उद्या त्यांचं सोयाबीन काढायचंय, या म्हणाले."

"आणि माझं काय म्हणाले?"

धुरपदाबाई चुलीकडं वळली. "त्याला काय ठावं म्हणाले. पोरगं पुण्याचं, त्याचं काय मनावर घ्यायचं."

शंभूला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चाचा शिव्या घालण्यात काही मागं नव्हता. शंभूनं लहानपणी त्याच्या विहिरीत दगड टाकले तेव्हा कान पिरगाळून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा ओरडला होता. आणि आता म्हणतो, मनावर घेऊ नका. शंभू आत गेला, आढ्याला खोवलेला जुना विळा काढला आणि दगडावर पाणी घालून घासायला बसला. "उद्या म्या बी येतो चाचाच्या रानात," तो म्हणाला. "चूक माझी हाय, दिवस म्या देतो."

"ये की," आई म्हणाली.

बुधवारी सकाळी वजीरचाचाच्या रानात शंभू सगळ्यांच्या आधी हजर. पात धरायची म्हणजे आपल्या वाट्याला आलेली तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, घेऊन शेवटपर्यंत कापत जायचं. शंभूनं मधोमध पात धरली. चाचा म्हणाला, "अरे, तू इकडं बांधाकडं ये बेटा, हिकडं पीक विरळ हाय." शंभू म्हणाला, "न्हाय, हीच बरी."

झालं, सुरू केलं. सुरुवातीला जोर होता. मग उन्हं वर आली, कंबर भरली, वाळलेल्या शेंगांची टोकं बोटांत शिरायला लागली. लिफ्टच्या जाड तारा ओढणारे हात हे, कच्चे नव्हेत, पण विळ्याची मूठ वेगळीच जागा सोलते. इकडं आई, जगदेवीकाकू, सकिनाचाची गप्पा हाणत पुढं सरकत होत्या. कुणाचा शेजार बोलत नाही, कुणाच्या म्हशीनं रेडी दिली, अमक्याच्या सुनेचं असं नि तमक्याच्या जावयाचं तसं. शंभूला त्यातली अर्धी माणसं ओळखू येत नव्हती. हसायची वेळ यायची तेव्हा तो उगीच हसायचा, तेही मागनं. आणि वर मान करून बघावं तर आपल्या पातीत पुढचं दोन हात रान आधीच कापलेलं. आजूबाजूच्या बायका जाता जाता त्याची तासंसुद्धा उचलत होत्या. कुणी बोलून दाखवलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

दुपारी लिंबाखाली सगळे टेकले. गोल करून, मातीतच. सकिनाचाचीनं भाकऱ्या वाटल्या. एकेक भाकर हातावर, भाकरीवरच चटणी, वर कांदा. शंभूनंही हात पुढं केला.

"तू थांब," चाची म्हणाली.

तिनं झाडाच्या बुंध्याशी घडी केलेली वाकळ अंथरली. पाटीतून फडक्यात बांधलेलं स्टीलचं ताट काढलं, पुसलं. एका डब्यात भात, दुसऱ्यात कोंबडीचा रस्सा. "ये, हिथं बस. तुझ्यासाठी सकाळीच कापली. आज बुधवार हाय, तुझ्या आईला इचारून घेतलं म्या, बुधवारी चालतंय तुला."

"चाची, कशाला? म्या ह्यांच्यासंगंच बसतो की."

"असं कसं? पाव्हणा माणूस तू. वर्षातनं एकदा येतोस."

"बस रं बस," जगदेवीकाकू तोंडात घास घेऊन म्हणाली. "तुझ्या निमित्तानं आमाला रस्सा तरी मिळंल चमचाभर. पाव्हण्यानं आढेवेढे घेतले की यजमानीण उपाशी ऱ्हाती."

सगळी माणसं हसली. मनापासून, मायेनं हसली, कुणाच्या मनात काडीचा डाव नव्हता. शंभू वाकळेवर बसला. चाचीनं ताट समोर ठेवलं, नळीचा तुकडा वेचून वाढला, पदरानं वारा घालायला लागली. समोर मातीत त्याची आई बसली होती, हातावर भाकर घेऊन, जगदेवीच्या कांद्यातली पाकळी काढून खात. ती त्यांच्यातली होती. आणि आपण हिथं वर, अंथरलेल्या वाकळेवर! रस्सा फार चांगला झाला होता, तेही त्याला कळत होतं, आणि डोळे भरून येत होते तेही. तिखट लागलं म्हणून त्यानं निभावून नेलं.

जेवण झाल्यावर चाचानं तंबाखू मळली. शंभू त्याच्याजवळ सरकला.

"चाचा, काल माझं चुकलं."

"अरे छोड. कुठं धरून बसलास?"

"न्हाय, तसं न्हाय. आजचा माझा दिवस तुमच्याकडं लागला का न्हाय? तो तुमी फेडायचा. हरभऱ्याला या माझ्या रानात. आणि म्या बी येतो तुमच्या हरभऱ्याला. पक्कं."

हे बोलताना त्याचा जीव कानात गोळा झाला होता. चाचानं नुसतं "बघ हां, आला न्हाईस तर तंगडी मोडीन" एवढं म्हटलं असतं ना, तर शंभूनं तिथल्या तिथं अर्पिताला फोन लावला असता की उचल पिशव्या.

वजीरचाचानं तंबाखू दाढेखाली धरली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ये की बेटा. कवाबी ये. घर तुझंच हाय."

मांजरीच्या खोलीत कुणी गाववाला दोन दिवस राहून निघाला की शंभू दारात उभा राहून त्याला हेच म्हणायचा. कवाबी या, घर तुमचंच आहे. त्यात खोटं काही नसायचं. पण जाणाऱ्याचं घर दुसरीकडं आहे, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

दुपारनंतर त्यानं पुन्हा विळा धरला आणि बांधाकडची विरळ पात घेतली. ती त्यानं कुणाच्या मदतीशिवाय शेवटाला नेली. मग ओढ्यावर हातपाय धुतले आणि तिथंच दगडावर बसून अर्पिताला फोन केला.

"ती खोली घेऊ या," तो म्हणाला.

पलीकडं मशीन चालल्याचा आवाज येत होता. अर्पिता शाळेचे गणवेश शिवायची. आवाज थांबला.

"काय झालं? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"न्हाय गं. लई चांगली वागली समदी. कोंबडी कापली माझ्यासाठी."

"मग?"

"मग काय... म्हणून तर."

अर्पिताही गावातच वाढलेली, तिला फोड करून सांगायला लागलं नाही. "बरं," ती हळूच म्हणाली. "जेवलात ना नीट? हाताला खोबरेल लावा, सोललं असंल."

घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं. खोली घेतोय, तू पण चल. रान वजीरचाचाला बटईनं, निम्म्या पिकावर, लावून देऊ, तुझी कंबर दुखते, तिथं दवाखाना जवळ आहे, नात आहे. जे जे सुचलं ते सगळं सांगितलं. धुरपदाबाई शांतपणे ऐकत होती. पोरगा एकदाचा कुठंतरी टेकला ह्याचं तिला बरंही वाटत होतं आणि आतून काहीतरी तुटतही होतं, पण तिनं दोन्हीपैकी काही दाखवलं नाही.

"तू लिफ्टवर जाशील, ती मशीनवर बसंल, पोर साळंत. म्या दिसभर कुणासंगं बोलू? भिताडासंगं?" ती म्हणाली. "हिथं माझी पात हाय, बाबा. हातपाय चालत्यात तंवर तरी हाय. न्हाई चालले की मग येईन, तवा न्हाय म्हणू नगंस म्हंजी झालं."

"असं काय बोलतीस, आई!"

"बरं, न्हाय बोलत. जेव आता."

गुरुवारी सकाळी दोघं बरोबरच बाहेर पडली. शंभूच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, नव्या उडदाची डाळ, भाकऱ्या. आईच्या हातात विळा. आज जगदेवीकाकूचं रान होतं. दरवेळी धुरपदाबाई स्टँडपर्यंत यायची, बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहायची. आज पांदीच्या तोंडाशीच थांबली. पलीकडून कुणीतरी "धुरपदा, आटप गं!" म्हणून हाक मारत होतं.

"जाते रं म्या. उशीर झाला तर बरं दिसत न्हाय."

"जा जा," शंभू म्हणाला. वाकून तिच्या पाया पडला.

ती चार पावलं गेली आणि वळली.

"शंभू, आता पुढच्या बारीला यायच्या आधी फोन करत जा बरं का," ती म्हणाली. "म्हंजी त्या दिशी म्या कुणाच्या रानात जाणार न्हाय. तुझ्यासाठी घरी ऱ्हाईन."

"व्हय," शंभू म्हणाला.

ती पांदीत शिरली. तिकडं बायकांचा गलका वाढला, कुणीतरी काहीतरी बोललं, आणि आईच्या हसण्याचा आवाज त्याला स्टँडच्या वाटेवर बराच लांबपर्यंत ऐकू येत राहिला.